खचलेल्या घाटाचा धडा

वाराणसीत मणिकर्णिकेला लागून शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास तो बांधवून घेतला. त्या अवजड बांधकामाचा भार नदीकाठच्या जमिनीला पेलला नाही. घाट खचला आणि पुढे त्याची पुनर्बांधणी करावी लागली. निसर्गाची मर्यादा ओलांडणाऱ्या वैभवाचे काय होते, हे शिकविण्यास याहून बोलका धडा नाही.

याच शहरात १४ जून १९८६ रोजी गंगा कृती योजनेचा प्रारंभ झाला. २०१५ मध्ये ‘नमामि गंगे’साठी केंद्र सरकारने २०,००० कोटी रुपये मंजूर केले. परंतु नदीत सांडपाणी कोण सोडतो आणि त्याचे परिणाम नावाडी, मासेमार व गटारात उतरणारा सफाई कामगार यांनीच का भोगावेत, हा प्रश्न निधीच्या आकड्यांनी सुटत नाही. तो शाळेच्या वर्गातच प्रथम विचारला गेला पाहिजे.

पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बजावले व २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीचे आदेश दिले. एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात नैसर्गिक साधनसंपत्तीच्या शाश्वत व्यवस्थापनावर एक प्रकरण होते. त्यात गंगेचे प्रदूषण होते. जंगलावर तेथील रहिवासी, वनखाते आणि कारखानदार यांचे हितसंबंध कसे भिन्न असतात, याची चर्चाही होती. २०२२ मध्ये ‘विद्यार्थ्यांवरील भार हलका करण्या’च्या नावाखाली हे संपूर्ण प्रकरण गाळण्यात आले!

महामारीच्या काळात मुलांचे शिक्षण खंडित झाले, हे खरे. अभ्यासक्रमाची फेरमांडणी आवश्यक होती, हेही मान्य. परंतु जो धडा मुलाला स्वतःच्या गावच्या पाण्याची परीक्षा करावयास लावतो, तो भार कसा? अशा वेळी झाडे लावा, कचरा टाकू नका, एवढाच उपदेश उरतो. दोष बालकाच्या माथी आणि कारखान्याची नळी नजरेआड! निसर्गावरील प्रत्येक विजयाचा निसर्ग सूड घेतो, हा एंगेल्सने दिलेला इशारा अशा उपदेशात कोठून येणार?

शाश्वत विकास म्हणजे पुढील पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता आजच्या गरजा भागविणे, अशी व्याख्या ब्रुंटलंड आयोगाने १९८७ मध्ये केली. आजच्या गरजा कोणाच्या, हे विचारल्याशिवाय तिला अर्थ येत नाही. हा प्रश्न काशीइतकाच पंचगंगेच्या काठीही विचारावा लागेल.

म्हणून शिक्षक, पालक व विद्यार्थी संघटनांतील साथींनी दोन मागण्या आग्रहाने मांडणे क्रमप्राप्त आहे: गाळलेला आशय पाठ्यपुस्तकांत पुन्हा यावा, आणि प्रत्येक शाळेने आपली नदी, विहीर वा ओढा यांचा वर्षभर अभ्यास करून त्याचे निष्कर्ष गावासमोर ठेवावेत. पाणी कोणी नासविले हे जाणणारी पिढीच ते परत मागू शकेल.