मिरजेला? कोण आजारी आहे?

किर्लोस्करवाडीच्या स्टेशनवर सकाळच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. पलूसचे एक जुने स्नेही भेटले. ‘कुठे निघालात?’ मी म्हणालो, ‘मिरजेला.’ त्यांचा चेहरा उतरला. आवाज खाली आणून त्यांनी विचारले, ‘कोण आजारी आहे?’

त्यांची काही चूक नाही. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून कृष्णाकाठच्या माणसाला मिरज ठाऊक आहे ती दवाखान्यांमुळे. दुसरी ओळख जंक्शनची. एक तर दुखणे घेऊन जायचे, नाही तर सामान घेऊन गाडी बदलायची. मिरज पाहायला म्हणून कोणी मिरजेला जात नाही. हीच मंडळी सुटीत जयपूर-म्हैसूरला जाऊन येतात, जुने वाडे पाहतात, बाजार हिंडतात आणि परतल्यावर ‘काय त्यांनी जपलंय हो!’ असे आठवडाभर सांगत राहतात. तासाभरावरचे जुने शहर मात्र गाडीच्या खिडकीतून दिसते तेवढेच.

वास्तविक हे गाव इतिहासात चांगले मुरलेले आहे. आदिलशाहीतले हे मोठे ठाणे. १६६० च्या सुरुवातीला शिवाजी महाराज मिरजेच्या किल्ल्याला वेढा घालून बसले होते. सिद्दी जौहर चालून आला म्हणून त्यांना पन्हाळ्याकडे वळावे लागले. १७३९ मध्ये छत्रपती शाहूंनी मिरज घेतली आणि पुढे तिथे पटवर्धनांचे संस्थान नांदले. आज त्या भुईकोटाच्या खुणा शोधाव्या लागतात. पण मिरजेचे खरे वैभव दगडात नाहीच. ते सुरात आहे.

आणि त्या सुराशी पलूसचे नाते नावापासून आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूसचे म्हणून ते पलुसकर झाले. जन्म कुरुंदवाडचा, १८७२ चा. लहानपणी दारूकामाने डोळे अधू झाले आणि मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचे गाणे शिकणे सुरू झाले. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेही कुणा राजाच्या खजिन्यावर नव्हे, लोकांच्या पैशांवर. दरबारातले गाणे त्यांनी मध्यमवर्गीयांच्या माजघरात आणले. १९३१ मध्ये त्यांनी देह ठेवला तोही मिरजेतच.

त्याच १८७२ साली दूर उत्तरेत कैराना गावी आणखी एक मूल जन्मले. ते म्हणजे अब्दुल करीम खाँ. तेही फिरत फिरत मिरजेलाच आले आणि रमले. १९३७ मध्ये मद्रासकडच्या प्रवासात त्यांचे निधन झाले. दफन मात्र मिरजेला, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात. दर वर्षी उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते आणि देशभरातले कलावंत हजेरी लावून जातात. २००९ मध्ये गणेशोत्सवाच्या दिवसांत याच गावात दंगल उसळली होती, हे विसरून चालणार नाही. म्हणूनच ही सभा दर वर्षी भरणे, आणि तिला सर्वांनी एका बैठकीवर बसणे, ही साधी गोष्ट नव्हे.

दर्ग्यापासून पाय सतारमेकर गल्लीकडे वळवावेत. एके काळी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी, लढायांचे दिवस सरल्यावर, एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्याचे काम हाती घेतले. फरीदसाहेबांचे नाव तिथे अजूनही आदराने घेतात. भोपळे येतात पंढरपूरच्या बाजूने. ते वाळवायचे, कापायचे, लाकडाचा गळा आणि दांडी जोडायची, नक्षी कोरायची, रंग चढवायचा. शेवटचे काम जवारीचे. घोडी कानसत कानसत, तारेखाली सुताचा दोरा सरकवत, कारागीर कान लावून बसतो आणि एका क्षणी ती तार बोलू लागते. हे मुलांना एकदा दाखवावे. पुस्तकात वाचून कळण्यासारखे हे नाही.

बँकेत अधिकारी असताना असाच एक कारागीर कर्जासाठी माझ्यासमोर बसला होता. तारण काय, म्हणून विचारले तर त्याने मला घरी नेऊन माळा दाखवला. माळाभर भोपळे वाळत टांगलेले. मी प्रामाणिकपणे माल म्हणून ‘भोपळे’ लिहून अर्ज वर पाठवला. आठवड्याने वरून पृच्छा आली, ‘भाजीपाला नाशवंत असल्याने तारण कसे मानावे?’ आम्ही सगळे पोट धरून हसलो. खुलासे जात राहिले, उत्तरे येत राहिली. कर्ज मंजूर झाले तोवर त्या माणसाने सावकाराकडून पैसे उचलले होते. त्या हसण्याची मला पुढे फार लाज वाटली.

आज त्या गल्लीची अडचण निराळी आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाचीच गोष्ट! पण मानांकनाचा कागद वाद्य विकत घेत नाही. तंबोऱ्याचा आवाज आता मोबाईलमध्ये मिळतो, फुकट मिळतो आणि तो कधी उतरतही नाही. गाणे शिकणारी पोरे त्यावरच भागवतात. तंबोरा खपला नाही तर कारागिराचा मुलगा दुसरी नोकरी धरणार, भोपळा लावणारा शेतकरी दुसरे पीक घेणार. पुढे कुणी तंबोरा मागितला तरी भोपळा आणि हात, दोन्ही मिळायचे नाहीत.

यावर उपाय सरकारने करावा, असे आपण सवयीने म्हणतो. सरकारने जरूर करावे. पण संस्थानिक गेले तसा राजाश्रयही गेला. गाणे लोकांच्या बळावर उभे राहू शकते, हे पलुसकरांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले. ते लोक म्हणजे आपणच. प्रत्येकाने सतार घ्यावी असे नाही. पण शाळेच्या सहलीत एक दिवस मिरजेचा असावा. गावच्या भजनी मंडळाने एक खरा तंबोरा घ्यावा. घरातली पोरगी गाणे शिकत असेल, तर तिच्या वाढदिवसाचा पैसा थोडा साठवून ठेवावा.

आणि बाजार? तोही हिंडावा. लक्ष्मी मार्केटच्या जुन्या इमारतीभोवती चक्कर मारावी, दर विचारावेत, घासाघीस करावी. घरून भाकरी आणि कृष्णाकाठच्या वांग्याची भाजी नेली असेल तर उत्तमच. येताना लसूण-मिरचीचा खमंग भडंग पिशवीत हवाच. संध्याकाळच्या गाडीने घरी परत. मुक्कामाचा खर्च नाही की रजेचा अर्ज नाही.

परतताना स्टेशनवर तेच स्नेही पुन्हा भेटले. ‘आता बरं आहे ना?’ त्यांनी काळजीने विचारले. मी भडंगाची पुडी त्यांच्यापुढे धरली आणि म्हणालो, ‘पेशंट बरा व्हायचा तर भेटायला माणसं यायला हवीत. पुढच्या रविवारी तुम्हीच चला.’