चेटकिणीचा अंत आणि मालिकेचा समारोप

दीर्घ कथामालिकेचा शेवट म्हणजे मालिकेने उभ्या केलेल्या विश्वाविषयी लेखकाने दिलेला निर्णय होय. चेटकिणी, पऱ्या, यक्षिणी यांना आधुनिक नगरजीवनात आणून सोडणाऱ्या अद्भुत मालिकांच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे. मानवी आणि अमानवी जगांमधले दार अखेरीस बंद होते की उघडे राहते, आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचे उत्तर शेवटच्या पुस्तकाला द्यावेच लागते. टॉल्किनच्या १९५५ मध्ये पूर्ण झालेल्या महाकथेत एल्फ समुद्रापार निघून जातात. रोलिंगच्या २००७ मधील सातव्या खंडानंतरही जादूचे जग सामान्य माणसांपासून लपलेलेच राहते. हे निर्णय वादग्रस्त ठरू शकतात, परंतु ते दिले गेले आहेत. मराठी मालिकेने असा निर्णय दिला आहे काय?

येथे नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या समर्थकथांचा विचार अपरिहार्य ठरतो. परिचित, पांढरपेशा जगण्यात अमानवी शक्तीचा शिरकाव व्हावा आणि समर्थांच्या सामर्थ्याने तिचे निर्दालन व्हावे, हा या कथांचा रूपबंध. ‘भयकथा’ असे म्हणून समीक्षेने त्यांची बोळवण केली, हे योग्य झाले नाही. वातावरणनिर्मितीतील धारपांची हुकमत नाकारता येणार नाही. मात्र या रूपबंधाची मर्यादाही स्पष्ट आहे. प्रत्येक कथा संपते, पण मालिका समारोपाकडे सरकत नाही. अनिष्ट शक्ती बहुधा बाहेरून येते आणि बाहेर घालविली जाते; ज्या घरात ती शिरली त्या घराची झडती घेण्याची गरजच पडत नाही. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) या आरंभीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांतील दुष्टांचे पारिपत्य आणि सुष्टांचा विजय, हीच व्यवस्था येथे नव्या वेषात वावरते.

‘रंजनप्रधान वाङ्मयाकडून एवढी अपेक्षा कशाला?’ असा आक्षेप येथे संभवतो. परभणी जिल्ह्यातील वाचकाला तो सहजासहजी मान्य करता येणार नाही. मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात स्त्रियांच्या आणि लहान मुलींच्या हत्या झाल्या. गुप्तधनाचा लोभ आणि त्यासाठी मुंज्याला रक्त हवे असल्याची समजूत त्यांच्या मुळाशी होती, असे सरकार पक्षाचे प्रतिपादन होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथील निकाल १९७७ मध्ये लागला. रक्त मागणारा आवाज पिंपळावरून आला नव्हता, माणसांच्या तोंडून आला होता. पुढे २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याला गुप्तधनाच्या शोधासाठी होणाऱ्या अघोरी कृत्यांचा आणि कोणावर करणी-जादूटोण्याचा आळ घेण्याचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला, तो उगाच नव्हे.

२०२४ मध्ये ‘मुंज्या’ हा विनोदी भयपट आणि ‘मानवत मर्डर्स’ ही मराठी वेबमालिका काही महिन्यांच्या अंतराने प्रदर्शित झाली, हा योगायोग अभ्यासकांनी ध्यानी घ्यावा. एकीत मुंज्या पात्र आहे, दुसरीत तो सबब आहे. या दोन्हींना कवेत घेणारी कथामालिका मराठीत अद्याप लिहिली जायची आहे.

ती केवळ भांडाफोड करून संपावी, असे मात्र नव्हे. सर्व काही लबाडी होती, असे सांगून दार लावून घेणे हाही एक सोपाच शेवट. गोदावरी, पूर्णा, दुधनेच्या काठच्या आणि विहिरींवरच्या साती आसरा या आपल्या जलपऱ्याच होत. स्त्रिया त्यांना भितात आणि त्यांचीच हळदकुंकवाने, खणाने पूजाही करतात. कोसंबी आणि ढेरे यांनी अशा लोकदैवतांकडे संस्कृतीचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी दिली. या भयभक्तीत बाळंतपण, बालमृत्यू, पाण्यासाठीची पायपीट यांची स्मृती साठलेली आहे. आसरांना खोटे ठरविताना ही स्मृतीही पुसली जाणार असेल, तर वाङ्मयाचे त्यात नुकसानच आहे.

म्हणून मराठी अद्भुत मालिकेच्या समारोपाचा निकष वेगळा असावा लागेल. चेटकीण मेली की वाचली, यापेक्षा तिला चेटकीण प्रथम कोणी म्हटले आणि तसे म्हणण्यात कोणाचा लाभ होता, याचा उलगडा शेवटच्या खंडात झाला पाहिजे. जमीन, वैधव्य, निपुत्रिकत्व, भाऊबंदकी ही तिच्या ‘शक्ती’ची खरी उगमस्थाने आहेत. ज्या मालिकेच्या अखेरीस गावाला आपण उच्चारलेला शब्द परत घ्यावा लागेल, त्याच मालिकेला समारोप लाभला असे म्हणता येईल. तोवर समर्थ येतील, जिंकतील आणि निघून जातील. घर मात्र होते तसेच राहील.

या दिशेने आरंभ महाविद्यालयांतूनच होऊ शकतो. समर्थकथांच्या शेवटांचा तौलनिक अभ्यास आणि जिल्ह्यातील आसरा-मुंज्यांच्या मौखिक कथांचे संकलन हे दोन्ही विषय पदव्युत्तर प्रबंधिकेच्या आवाक्यातील आहेत. संकलन करताना कथा कोण सांगते याबरोबरच ती कोणाविषयी सांगितली जाते, याचीही नोंद व्हावी.