पंधरा फुटांचं चित्र, पाच मिनिटं

‘व्हर्च्युअल म्युझियम व्हिजिट’ हे शब्द ऐकले की आमच्या वयाच्या मंडळींच्या कपाळाला आपोआप आठ्या पडतात. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या गटात परवा या विषयावर चांगलीच जुंपली. एका निवृत्त मुख्याध्यापकांचं म्हणणं असं, की पडद्यावर संग्रहालय बघणं म्हणजे पुरणपोळीचा फोटो बघून ढेकर देणं. वाक्य हशा मिळवणारं होतं आणि तो मिळालाही. मला मात्र ते पटलं नाही. बागेतल्या बाकावर जो मोठ्यानं बोलतो त्याचंच खरं, तेव्हा तिथे गप्प बसले आणि इथे लिहायला घेतलं.

वादाचं निमित्त आमच्या खालच्या मजल्यावरची नववीतली मुलगी. मराठीच्या तोंडी परीक्षेसाठी तिच्या शाळेनं विषय दिला होता : घरबसल्या जगातलं एखादं संग्रहालय पाहा किंवा शास्त्रीय संगीताची एखादी मैफल ऐका, आणि वर्गापुढे पाच मिनिटं बोला. तिनं ॲम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम निवडलं आणि त्यातलं रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’ हे एकच चित्र घेतलं. विषय मराठीचा, म्हणून स्वारी माझ्याकडे आली, तीही तयारी ‘पूर्ण’ करूनच. अकरा स्लाइडी, आणि मोबाईलमधल्या एआयकडून लिहून घेतलेलं दोन पानांचं भाषण. भाषणात चूक म्हणाल तर एक नव्हती. चित्र १६४२ सालचं, कॅप्टन फ्रान्स बॅनिंक कॉक आणि त्याच्या नागरी पथकाचं, छायाप्रकाशाचा अप्रतिम खेळ, कलेच्या इतिहासातला मैलाचा दगड, वगैरे वगैरे. (हे मैलाचे दगड हल्ली इतके झालेत की रस्त्यात चालायला जागा उरली नाही!)

मी तिला एवढंच विचारलं, “अगं, या चित्रात कुत्रा कुठे आहे?”

“कुत्रा आहे त्यात?” ती म्हणाली.

म्हणजे स्लाइडी झाल्या, भाषण निम्मं पाठ झालं, पण चित्र बघायचं राहूनच गेलं होतं. आता याला मुख्याध्यापक म्हणतील, ‘बघा, आम्ही काय सांगत होतो?’ पण थांबा. अजिंठ्याला मी शाळेच्या सहली घेऊन गेले आहे. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर अर्धा मिनिट उभं राहून ‘चहा कुठे मिळेल हो?’ असं विचारणारी माणसं मी तिथे पाहिली आहेत. मुलं नव्हेत, चांगली मोठी, तिकीट काढून आलेली माणसं. त्यांची भेट तर अगदी प्रत्यक्ष होती. त्यांना उभं केलं असतं वर्गापुढे तर पाच मिनिटं काय बोलली असती?

असो. आम्ही भाषण बाजूला ठेवलं आणि चित्र उघडलं. राइक्सम्युझियमनं २०२२ च्या जानेवारीत या चित्राचं एक छायाचित्र संकेतस्थळावर सर्वांसाठी खुलं केलं आहे. ८४३९ छोटी छोटी छायाचित्रं जोडून ते तयार झालं, आणि म्हणे ७१७ गिगापिक्सेलचं आहे. गिगापिक्सेल माझ्या डोक्यावरून जातो, पण चित्र मोठं करत गेलं की काय होतं ते कळतं. आधी माणूस, मग त्याचा चेहरा, मग डोळा, मग डोळ्यातला पांढरा ठिपका, आणि शेवटी त्या ठिपक्यातला तडकलेला रंग. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याला भेगा पडतात ना, अगदी तसा. तिथे संग्रहालयात चित्राच्या इतक्या जवळ नाक नेलं तर पहारेकरी दंडाला धरून मागे ओढेल, आणि योग्यच आहे ते. १९७५ साली एका माणसानं या चित्रावर सुरीनं वार केले होते.

मी अट घातली. अर्धा तास नुसतं बघायचं, दिसेल ते वहीत लिहायचं, आणि तोवर काहीही वाचायचं नाही. पहिली दहा मिनिटं तिची चुळबुळ चालली. नंतर वही भरू लागली. कुत्रा सापडला, उजवीकडे खाली, ढोल वाजवणाऱ्याच्या पायाशी. कॅप्टननं पुढे केलेल्या हाताची सावली शेजारच्या लेफ्टनंटच्या पिवळ्या अंगरख्यावर पडलीय. मागच्या गर्दीत एका माणसाचा नुसता डोळा आणि टोपी दिसते, बाकीचा तो दिसतच नाही. आणि एवढ्या बंदूकवाल्यांच्या घोळक्यात उजेडात न्हालेली एक छोटी मुलगी, तिच्या कमरेला मेलेली कोंबडी उलटी टांगलेली! “आजी, ही इथे काय करतेय? आणि कोंबडी कशाला?” मग तिनं स्वतःच आणखी एक प्रश्न काढला, ज्यावर मी मनातल्या मनात तिची पाठ थोपटली : “रात्रीचा पहारा आहे तर हाताची सावली एवढी स्वच्छ कशी पडली?”

एवढे प्रश्न जमल्यावर वाचायला परवानगी दिली. आता तीच माहिती, जी आदल्या दिवशी पाठ होत नव्हती, ती अधाशासारखी वाचू लागली. कोंबडीचे पंजे हे त्या बंदूकधारी संघाचं चिन्ह होतं. तो एकटा डोळा खुद्द रेम्ब्रांटचा असावा असं अनेक जाणकार मानतात. आणि चित्र मुळी रात्रीचं नाहीच! ‘नाइट वॉच’ हे नाव चित्रकारानं दिलेलं नाही. वरचं व्हार्निश काळवंडत गेलं आणि दिवसाची रात्र झाली, तेव्हा पुढे कधीतरी ते चिकटलं. चित्र दुरुस्तीला काढलं आहे तेही तिथेच काचेच्या दालनात, लोकांच्या देखत, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात व्हार्निश काढायला सुरुवात झाली. हे ऐकून ती म्हणाली, “म्हणजे मी शाळेत सांगेपर्यंत चित्र बदललेलं असेल.”

आता मुख्याध्यापकांच्या पुरणपोळीकडे येते. आमच्या पिढीनं आभासी मैफली ऐकल्या नाहीत, असं कोण म्हणतं? १९५२ सालापासून आकाशवाणीवर शनिवारी रात्री संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम असे. तालुक्याच्या गावात मैफल कुठली व्हायला? गाणारा दिसत नाही, सभागृह माहीत नाही, मधूनच खरखर. तरी ते ऐकून आमच्या शाळेतले गणिताचे सर सोमवारी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सांगायला उभे राहायचे. बुवांनी विलंबित कसं मांडलं, तारसप्तकात जाणार जाणार म्हणताना कसे परत फिरले, हे सांगताना त्यांचा खडूनं भरलेला हात हवेतच थांबायचा आणि आमचे चहाचे कप ओठापाशी. शाळेनं आता जे मागितलं ते याहून वेगळं काय आहे? सर हातात कागद धरत नसत. आणि पहिलं वाक्य ठरलेलं, “परवा रेडिओवर ऐकलं...” आपण सभागृहात पहिल्या रांगेत बसलो होतो असा आव त्यांनी कधी आणला नाही. जे कानावर पडलं तेवढं सांगितलं, आणि खरखरीत काय बुडालं तेही सांगितलं.

हीच गोष्ट मला त्या मुलीच्या पाच मिनिटांत हवी होती. पडद्यानं काय दिलं ते सांग, आणि काय दिलं नाही तेही सांग. देण्याचं वर आलंच, ती जवळीक. न दिलेलं म्हणजे आकार. लॅपटॉपवर कॅप्टन साहेब जेमतेम बोटाएवढे दिसतात. मूळ चित्र जवळजवळ साडेबारा फूट उंच आणि पंधरा फूट रुंद आहे, माणसं जवळपास खऱ्या उंचीची. आमच्या फ्लॅटचं छत दहा फुटांवर, म्हणजे चित्र घरात उभंच राहणार नाही. मग आम्ही सुतळी आणि मोजपट्टी घेऊन खाली पार्किंगमध्ये गेलो आणि फरशीवर तेवढा चौकोन मांडला. दोन स्कूटर हलवाव्या लागल्या. वॉचमननं विचारलं, ‘बाई, मांडव घालताय का?’ ती त्या सुतळीच्या कडेला उभी राहून बराच वेळ आत बघत होती. रिकामीच फरशी ती, पण आता कोण कुठे उभा आहे हे तिला माहीत होतं.

यानंतर स्लाइडी अकराच्या दोन झाल्या, आणि भाषणाचा कागद गेला. तळहाताएवढ्या कार्डावर पाच शब्द : कुत्रा, सावली, कोंबडी, रात्र, सुतळी. पाठ केलेलं भाषण एका जागी अडलं की पाढ्यासारखं परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं. तेहतीस वर्षं वक्तृत्व स्पर्धांच्या मुलांचे पडलेले चेहरे पाहून हे सांगते आहे. पाहिलेली गोष्ट सांगताना शब्द अडतो, गोष्ट अडत नाही.

खरी अडचण आली ती पहिल्या वाक्यावरून. ‘मी हे चित्र प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, घरच्या लॅपटॉपवर पाहिलं’ असं तिनं ठरवलं होतं. तिचे वडील वर आले. “काकू, सुरुवातीलाच उणेपण कशाला सांगायचं? मार्क जातात हो.” त्यांची काळजी मला कळते. गुणांच्या तक्त्यात स्लाइडींना गुण होते, आत्मविश्वासाला होते, उच्चारांना होते, बघण्याला नव्हते. ‘राइक्सम्युझियमच्या भव्य दालनात पाऊल ठेवताच’ अशी सुरुवात करणाऱ्याला कुणी अडवणार नव्हतं. पण चौदा वर्षांच्या मुलीनं न पाहिलेलं दालन पाहिलं म्हणून सांगायचं आणि त्याला आपण आत्मविश्वास म्हणायचं, हे मला मान्य नाही. शिवाय अहो, वर्गातल्या चाळीस मुलांपैकी ॲम्स्टरडॅमला जाणारी किती? ‘मी गेले होते’ म्हटलं की बाकीची नुसती ऐकणार. ‘लॅपटॉपवर पाहिलं’ म्हटलं की त्यांतली काही घरी जाऊन उघडून बघणार. वडिलांना हे पटलं असं मी म्हणणार नाही. चहा घेऊन ते खाली गेले. वाक्य मात्र मुलीनं ठेवलं.

वर्गात काय झालं ते तिच्याच तोंडून कळलं. स्लाइडी कमी म्हणून गुण कापले गेले, ते अपेक्षितच होतं. दोन मैत्रिणींनी भिंतीलगत सुतळी ताणून धरली तेव्हा मुलं हसली, मग गप्प झाली. शेवटी मागच्या बाकावरून प्रश्न आला, एवढं मोठं चित्र दारातून आत कसं नेलं? याचं उत्तर तिच्याकडे होतं, कारण ती एव्हाना मला न विचारता वाचत सुटली होती. १७१५ साली हे चित्र ॲम्स्टरडॅमच्या नगरभवनात हलवलं, तिथल्या भिंतीवर मावेना, म्हणून लोकांनी ते चारी बाजूंनी सरळ कापलं! डावीकडची सर्वांत मोठी पट्टी गेली, त्यात दोन माणसं गेली. कॅप्टन मुळात मधोमध नव्हता, कापल्यामुळे मध्यावर आला. हे कळलं कशावरून? गेरिट लुंडेन्स नावाच्या चित्रकारानं त्याआधीच या चित्राची एक छोटी नक्कल करून ठेवली होती, त्यावरून. त्याच नकलेच्या आधारानं २०२१ साली गेलेला भाग संगणकाकडून तयार करवून मूळ चित्राच्या कडेला काही महिने लावलाही होता. मूळ चित्रात आज जे नाही, ते नकलेत आहे. मुख्याध्यापकांसाठी मी हे राखून ठेवलं आहे, उद्या बाकावर काढणार.

कापलेल्या पट्ट्यांचं काय झालं, असंही एकानं विचारलं. त्या सापडलेल्या नाहीत, असं ती सांगत होती तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली, आणि पुढचा मुलगा त्याचा पेन ड्राइव्ह घेऊन उभाच होता.