जर्मन वाचायचं ते कुणाच्या यादीनं?



नोव्हेंबरचा अख्खा महिना जर्मन साहित्य वाचायचं, आठवड्याला एक पुस्तक, असा बेत आपल्या पोरांनी केलाय. चांगलाय. माझं भांडण बेताशी नाही, यादीशी आहे. यादी आली ती अशी: गटे, रिल्के, हेस्से, टॉमस मान. कुठून आली हे विचारायची गरजच नाही. सदाशिव पेठेतल्या कुठल्याही काचेच्या कपाटातून ती जशीच्या तशी निघेल. म्हंजे वाचायचं आम्ही, आणि ताट वाढायचं त्यांनीच?

दुसरी बोंब आपल्यातच आहे: जर्मन कशाला, आपलंच वाचा की. हे तर त्याहून वाईट. लंडनला शिकत असताना १९२१ साली बाबासाहेबांनी बॉनच्या विद्यापीठात नाव घातलं. स्वतःभोवती कुंपण घालून बसणारा माणूस बॉनला जात नाही.

आता यादीकडं. हेस्सेचं ‘सिद्धार्थ’, साल १९२२. नाव बघून पोरं हुरळली. बुद्धाचं पुस्तक! नाही बाबांनो. हा सिद्धार्थ गौतम नव्हेच, हा बामणाचा पोरगा. तो बुद्धाला भेटतो, त्याच्याशी वाद घालतो. त्याचा मित्र गोविंद संघात जातो आणि हा पुढं निघून जातो, मुक्ती काही शिकवता येत नाही म्हणत. म्हंजे बुद्ध थोर, पण संघ नको. ज्याच्या बापाच्या घरी वेद आहेत त्याला हे परवडतं. ज्याला पिढ्यान् पिढ्या शिकूच दिलं नाही, त्याला शिकवणं फोल आहे हे कुणी सांगावं? पुढं नदीवरचा नावाडी वासुदेव त्याचा गुरू होतो, आणि ती पानं सुंदर आहेत, हे मी नाकारत नाही. पण महिन्याच्या चार पुस्तकांत मी त्याला जागा देणार नाही.

गटे. शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला म्हणून मास्तर लोक ज्याला डोक्यावर घेऊन नाचतात, तो. नाचण्याची दंतकथा, १७९१ साली स्तुतीच्या चार ओळी लिहिल्या, हे खरं. पण ह्याच गटेनं ‘परिया’ नावाची तीन कवितांची माळ लिहिलीय, ती मात्र मास्तर सांगत नाहीत. ‘परिया’ हा तमिळ मुलखातल्या अस्पृश्य जातीच्या नावावरून युरोपनं उचललेला शब्द. मधल्या कवितेतली गोष्ट तुम्हाला पाठ आहे: शुद्ध ब्राह्मणी, हातात गोळा होणारं पाणी, मनाची एक चलबिचल, नवऱ्याच्या हातून मरण, आणि मुलानं तिचं डोकं भलत्याच बाईच्या धडावर बसवणं. आपली रेणुका, आपली यल्लम्मा! पहिली कविता परियाची प्रार्थना. शेवटची परियाचे आभार. आभार! कशाचे? खालच्यांसाठी एक देवी मिळाली त्याचे. ही माळ जरूर वाचा, पंधरा मिनिटांत होते. पण लाल पेन्सिल हातात धरून वाचा.

त्याच सुमाराला, १८२३ साली, बर्लिनला मिखाएल बेअर ह्या ज्यू लेखकाचं ‘परिया’ नावाचंच नाटक झालं. त्यानं आपलं दुःख सांगायला आमचं नाव घेतलं. गटे वरून कळवळला, बेअर बाजूला येऊन उभा राहिला. फरक एवढाच, पण केवढा!

आणि आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो तो: गेओर्ग ब्युखनर. जन्म १८१३, मरण १८३७. तेवीस वर्षांचं पोर, टायफसनं गेलं. गीसेनला वैद्यक शिकत असताना १८३४ साली त्यानं पाद्री वाइडिगच्या साथीनं एक पत्रक काढलं, चोरून छापलेलं, आठ पानांचं. त्यात कविता नाही, हिशेब आहे. हेस्सेनच्या शेतकऱ्याकडून किती कर निघतो, तो कुठल्या खात्यात जातो, फौजेला किती, दरबाराला किती. आकडा मांडायचा आणि मग आकड्याखाली शिवी घालायची. सायक्लोस्टाइलची शाई ज्यांच्या नखांत गेलीय त्यांना मी आणखी काय सांगू? काही शेतकऱ्यांनी ते पत्रक भीतीनं पोलिसांच्याच हवाली केलं म्हणतात. हेही आपल्याला नवं नाही. ब्युखनर सीमेपार पळाला. वाइडिग १८३७ साली तुरुंगात मेला.

त्याचं ‘वॉयत्सेक’ हे नाटक अपुरं राहिलं, रंगमंचावर आलं १९१३ साली. नायक साधा शिपाई. कॅप्टनची दाढी करतो, आणि चार पैशांसाठी डॉक्टरच्या प्रयोगात नुसते वाटाणे खाऊन राहतो. कॅप्टन त्याला नीतीवर प्रवचन देतो. तो म्हणतो, गरिबाला नीती परवडत नाही साहेब. ज्यानं गावचा पाटील ऐकलाय त्यानं हा प्रवेश मोठ्यानं वाचावा. मात्र एक सांगतो. शेवटी तो आपल्या मारीला सुरीनं मारतो. त्याची दया करताना तिचं प्रेत ओलांडून जाऊ नका. आपल्या चळवळीतही ते फार वेळा ओलांडलं गेलंय.

हायने धावता वाचला तरी चालेल, पण सायलेसियाच्या विणकरांवरची १८४४ ची कविता चुकवू नका. देव, राजा, पितृभूमी, तिघांनाही शाप. प्रशियात तिच्यावर बंदी आली ती उगीच नाही. ब्रेख्त? त्याला आपल्याकडं नाट्यगृहवाल्यांनी कधीच दत्तक घेतलाय. पु. लं.नी १९७८ साली ‘तीन पैशाचा तमाशा’ केला. तमाशा ज्यांचा, ती माणसं तिकीट काढून कितीजण आत बसली होती?

चौथा आठवडा चाया स्टोइकाचा. १९३३ चा जन्म, ऑस्ट्रियातल्या रोमा घरातली पोर. आउशवित्झ, रावेन्सब्रुक, बेर्गेन-बेल्सेन, तिन्ही छावण्यांतून जिवंत निघाली. बाजारात गालिचे विकले. पहिलं पुस्तक १९८८ साली, पन्नाशी उलटल्यावर. तोवर रोमांना काय भोगावं लागलं हे विचारायची तिथल्या साहित्याला फारशी गरज वाटली नव्हती. ह्या लोकांची भाषा मूळची आपल्याकडची. पाण्याला अजून ‘पानी’ म्हणतात. तिच्या आठवणी २०२२ साली इंग्रजीत आल्या. प्रत महाग आहे. चौघांत एक घ्या, आणि ज्याला इंग्रजी जड जातं त्याला दुसऱ्यानं वाचून मराठीत सांगत जा.