एक राजा, एक धर्म आणि जाळलेली हाडे



इथल्या मराठी मंडळींच्या जेवणानंतरच्या गप्पांत एक विधान हल्ली वारंवार ऐकू येते. "युरोप पुढे का गेला? तिथे खंबीर राजे होते आणि एका देशाचा एक धर्म होता. म्हणून त्यांची गलबते जगभर पोचली. आपण मात्र सगळ्यांना सांभाळत बसलो." बोलणारे बहुधा इंजिनियर नाहीतर डॉक्टर, म्हणजे पुरावा मागायची सवय असलेले लोक. तेव्हा पुरावाच पाहू.

गलबतांपासून सुरुवात करू. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ध्रुवतारा दिसत नाही. मग भर समुद्रात अक्षांश कसा काढायचा? माध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजायची आणि त्या दिवशीची सूर्याची क्रांती कोष्टकात पाहायची. पोर्तुगीज खलाशांना ज्याच्या कोष्टकांचा आधार मिळाला, तो अब्राहम झकूतो हा सालामांकाचा ज्यू खगोलशास्त्रज्ञ. १४९२ साली कोलंबसला समुद्रात पाठवणाऱ्या फर्डिनांड-इझाबेलाने त्याच वर्षी स्पेनमधल्या सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढले. झकूतो पोर्तुगालला गेला. १४९६ मध्ये तिथे त्याची कोष्टके छापली गेली. त्याच वर्षी राजा मानुएलने ज्यूंच्या हकालपट्टीचा हुकूम काढला, कारण त्याला स्पेनची राजकन्या करायची होती आणि सासरची अट तशी होती. १४९७ मध्ये हकालपट्टीऐवजी सक्तीचा बाप्तिस्मा आला. त्या जुलैत वास्को द गामा निघाला आणि झकूतोला पुढे ट्यूनिस गाठावे लागले. गलबत हिंदुस्थानला पोचले ते धर्माच्या एकीमुळे नव्हे. जो माणूस त्या एकीत बसत नव्हता, त्याच्या गणितावर ते पोचले.

"हे कॅथलिकांचे झाले, धर्मसुधारणेने सगळे बदलले," असे कोणी म्हणेल. इंग्लंड पाहा. १५३४ मध्ये आठवा हेन्री स्वतःच चर्चचा प्रमुख झाला. १५३६ ते १५४० या काळात सुमारे ८०० मठ बंद करून त्यांच्या जमिनी राजाने घेतल्या. ३० जुलै १५४० रोजी लंडनमध्ये एकाच दिवशी तीन प्रोटेस्टंटांना पाखंडी म्हणून जाळले आणि पोपला मानणाऱ्या तीन कॅथलिकांना राजद्रोही म्हणून फाशी देऊन त्यांचे तुकडे केले. १५३८ मध्ये प्रत्येक चर्चमध्ये इंग्रजी बायबल ठेवा असा हुकूम निघाला होता. १५४३ मध्ये कायदा झाला की सामान्य स्त्रिया, कारागीर, उमेदवार, नोकर, शेतकरी आणि मजूर यांनी ते वाचायचे नाही. धर्मग्रंथ कोणी वाचावा आणि कोणी वाचू नये, हा नियम आपल्याला काही नवा नाही. पुढे १५४७ ते १५५९ या बारा वर्षांत गादीवरचे माणूस बदलले तसा देशाचा धर्म तीनदा फिरला. मेरीच्या पाच वर्षांत सुमारे २८० माणसे जाळली गेली. एक धर्म म्हणजे स्थैर्य, असे ज्यांना वाटते त्यांनी ही बारा वर्षे वाचावीत.

कॅल्विनच्या जिनिव्हात तर राजाही नव्हता. तिथे १५५३ मध्ये मिगेल सर्व्हेटसला जिवंत जाळले. रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांतून डाव्या बाजूकडे जाते, हे युरोपात पहिल्यांदा छापणारा माणूस तो. म्हणजे राजा असो वा नसो, पोप असो वा नसो, धर्म आणि दंडसत्ता एका हातात आली की काय होते ते दिसते.

आता आपल्या घराजवळ येऊ. गार्सिया द ओर्ता हा स्पेनमधून हाकललेल्या ज्यू घराण्यातला डॉक्टर १५३४ मध्ये गोव्याला आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथातून इथल्या औषधी वनस्पतींची व्यवस्थित माहिती युरोपला मिळाली. पण १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले होते. ओर्ता १५६८ मध्ये वारला. दुसऱ्या वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गुपचूप ज्यू धर्म पाळल्याबद्दल जिवंत जाळले. १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळली. त्याच सत्तेने १६८४ मध्ये गोव्यातल्या लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. श्रद्धेवर ताबा मिळाला की पुढची पाळी जिभेची असते.

"तरीही पोर्तुगाल-स्पेन श्रीमंत झालेच ना?" झाले, काही काळ. पण पळालेली माणसे ॲमस्टरडॅमला गेली. डच प्रांतांनी १५७९ च्या उट्रेख्टच्या करारात धर्मासाठी कोणाचा छळ करायचा नाही असे कलम घातले होते. डच काही संत नव्हते. त्यांच्या कंपनीने पूर्वेकडे केलेले अत्याचार जगजाहीर आहेत, आणि त्यांच्याकडेही पुस्तकांवर बंदी येत असे. पण पोर्तुगीज ज्यू घराण्यातल्या स्पिनोझाला १६५६ मध्ये त्याच्याच समाजाने बहिष्कृत केले तेव्हा त्याला जाळायला कोणी आले नाही. तो भिंगे घासत आणि लिहीत राहिला. फरक एवढाच, पण तोच महत्त्वाचा.

आता थोडे आपल्याविषयी. अमेरिकेत आपण मूठभर आहोत. तरीही आपली देवळे उभी आहेत, गणपती बसतो, मुलांना शाळेत कोणी धर्म विचारून प्रवेश देत नाही. ही कोणा खंबीर राजाची कृपा नाही. सरकारने कोणताही धर्म अधिकृत करायचा नाही, या १७९१ च्या घटनादुरुस्तीची ती पुण्याई आहे. त्या नियमाच्या छपराखाली बसून मायदेशात मात्र 'एक धर्म' हवा म्हणायचे, त्यासाठी इथून चेक पाठवायचे, याला काय म्हणावे?

इथे आपण झकूतोच्या जागी आहोत. निदान आपण तरी मानुएलची बाजू घेऊ नये.