आडनावांच्या गावाला : कर्वे

लग्नाची बोलणी चालू असली आणि स्थळ ‘कर्वे’ निघाले, की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, “म्हणजे त्या कर्व्यांपैकी का हो?” आता ‘ते’ म्हणजे नेमके कोणते, हे विचारणाऱ्यालाही सांगता येईलच असे नाही!

जॅक्सनवधाच्या खटल्यात कान्हेरे आणि देशपांडे यांच्याबरोबर १९१० साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले, ते कृष्णाजी गोपाळ कर्वे. शब्द अडला की दाते-कर्व्यांचा कोश काढतो, त्यातले कर्वे म्हणजे चिंतामण गणेश. पण बहुतेकांच्या मनात असते ते महर्षींचे घर. या घरातली गंमत अशी, की नाव मोठे करणाऱ्यांत बाहेरून आलेल्या सुनाही होत्या.

१८९३ मध्ये धोंडो केशवांनी गोदूबाईंशी लग्न केले. बाई माहेरच्या जोशी, पहिल्या सासरच्या नातू. वैधव्यानंतर पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. लग्नात त्या आनंदीबाई कर्वे झाल्या आणि मुरूडकरांनी जोडप्याला वाळीत टाकले. म्हणजे सुनेला आडनाव मिळाले आणि त्याच मुहूर्तावर आडनावाला गाव पारखे झाले!

पुढे महर्षींना १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. पहिल्या पत्नीचे, राधाबाईंचे, चिरंजीव रघुनाथराव मात्र वेगळ्याच वाटेने गेले. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून प्राध्यापकी सुटली. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले, तरी निकाल विरुद्धच गेला. बापाच्या नावाचे रस्ते झाले. मुलाच्या वाट्याला दंडाच्या पावत्या. मला विचाराल तर ‘त्या कर्व्यांपैकी’ म्हणताना हा मुलगा आधी आठवावा.

आणि धाकट्या दिनकररावांच्या पत्नी इरावतीबाई? जन्म ब्रह्मदेशातला, माहेर करमरकरांचे. पुण्यात बाई स्कूटरवर दिसली की लोक थांबून पाहत, त्या काळी त्या खुशाल स्कूटर चालवीत. ‘युगान्त’ला १९६८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याआधी, १९५३ साली, त्यांनी इंग्रजीत एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता. विषय होता, भारतात कोण कोणाचे कोण लागते!