मोत्याची बदली

जिल्हा परिषदेची शाळा मिळाली म्हणून विदर्भातून कोकणात गेलेले शिक्षक कमी नाहीत. माझी भाची त्यांतलीच. अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्याहून दापोली तालुक्यात जाताना तिनं मोत्यालाही बरोबर घेतलं, एवढाच फरक. "कुत्र्याले समुद्र दाखवाले नेतं काय वं?" बहीण म्हणाली.

काळजी सगळ्यांना प्रवासाची. रेल्वेत फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन घेतली तरच कुत्रा आपल्याजवळ राहतो. नाहीतर पार्सल ऑफिसात नोंदवून गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात. म्हणून गाडी केली, वाटेत थांबत, पाणी पाजत गेलो. प्रवास निभला. अडलं ते पोचल्यावर.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४च्या घरात जातो, पण हवा कोरडी. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही. धापा टाकताना जिभेवरची ओल उडते, तेव्हा त्याचं अंग निवतं. किनाऱ्यावर पारा ३३च, पण हवाच दमट, मग ती ओल उडणार कशी? सावलीत बसूनही मोत्याची धाप थांबेना. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचं फिरणं पहाटे आणि दिवस मावळल्यावर ठेवायला लावलं. पावसाळ्याआधी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लसही टोचली. तिकडं पाऊस अकोल्याच्या चौपट. उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून हा आजार कुत्र्याला होतो तसा माणसालाही. शिवाय समुद्रावरून आलं की गोड्या पाण्यानं अंग धुवायचं, पंजे कोरडे करायचे आणि तहानेला खारं पाणी पिऊ द्यायचं नाही.

दुसरा धडा शेजाऱ्यांनी दिला. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन त्यांचं संवर्धन उभं केलं. आंजर्ल्यातही ते चालतं. एका घरट्यात शंभरावर अंडी असू शकतात, आणि वासावर ती उकरून खाणाऱ्यांत कोल्ह्यांबरोबर कुत्रीही असतात. तेल्हाऱ्यात गल्लीभर हुंदडणारा मोत्या इथं साखळीला आला.

बहिणीला त्याची दया येते. मला ती साखळी रास्त वाटते. बिऱ्हाड हलवताना आपण घरमालकाचे नियम आधी विचारून घेतो. जनावर नेताना तिथल्या हवेचे आणि वाळूचेही विचारावेत. गावातल्या लोकांना ते तोंडपाठ असतात. फक्त त्यांना विचारायला हवं, आणि तेही सामान बांधण्याआधी.